हाऊस-गल्ली ते हौसिंग सोसायटी : मुंबईच्या उपनगरांतील नागरी जबाबदारीची वाटणी

मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात ‘हाऊस-गल्ली’ या शब्दाची स्वतंत्र व्याख्या दिलेली आहे. दोन इमारतींमधील, सांडपाणी वाहून नेण्यासाठी अथवा संडास व मोऱ्या साफ करणाऱ्या नोकरांना आत जाता यावे म्हणून राखलेली चिंचोळी पट्टी, असा तिचा आशय होय. एका सर्वसामान्य गल्लीला कायद्याच्या व्याख्याकलमात जागा मिळावी, ही गोष्ट वरवर क्षुल्लक भासेल. परंतु मुंबईतील शेजार, घरमालकी आणि नगरपालिका यांच्यातील संबंधांचा इतिहास या एका व्याख्येत साठविलेला आहे. ही पट्टी घरमालकाच्या जमिनीची. तिच्यात पडणारा केर भाडेकरूंच्या खिडक्यांतून आलेला. आणि तो उपसणारा मनुष्य नगरपालिकेचा. तीन पक्षांची जबाबदारी जेथे एकत्र येते तेथे ती बहुधा कोणाचीच राहत नाही, याचे हाऊस-गल्लीइतके स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

शहरवासीयांच्या अस्वच्छतेचे खापर त्यांच्या मनोवृत्तीवर फोडण्याची रीत जुनी आहे. ‘आपल्या लोकांना नागरिकत्वाची जाणीव नाही’ हे वाक्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्या अधिकाऱ्यांच्या अहवालांतून आणि पुढे आपल्याकडील सुधारकांच्या व्याख्यानांतूनही सारख्याच आत्मविश्वासाने उच्चारले गेले. घरचे अंगण सारवून स्वच्छ ठेवावयाचे व केर मात्र कुंपणापलीकडे लोटावयाचा, ही सवय त्यासाठी पुरावा म्हणून सांगितली जाते. सवय होती, यात संशय नाही. तथापि कुंपणाची रेषा कोणी आखली, आणि कुंपणापलीकडच्या जागेवर त्या माणसाचा काही अधिकार होता काय, हे प्रश्न त्या व्याख्यानांतून सहसा विचारले गेले नाहीत. मुंबईच्या उपनगरांचा इतिहास या प्रश्नांच्या उत्तरासाठी विशेष उपयुक्त ठरतो. कारण ही वस्ती हळूहळू, नकळत वाढलेली नाही. तिच्या रेषा कागदावर आधी आखल्या गेल्या आणि माणसे मागाहून राहावयास आली.

१८८८ च्या अधिनियमाची वाटणी प्रथम पाहू. रस्ते झाडणे व केर वाहून नेणे हे पालिकेचे काम. परंतु घरातील राख, धूळ व कचरा गोळा करून ठरलेल्या वेळी सार्वजनिक कुंडीत नेऊन टाकण्याचे कर्तव्य ३६८ व्या कलमान्वये मालक व भोगवटादार यांच्यावर टाकलेले होते. मैला वाहून नेण्यासाठी ‘हलालखोर कर’ या स्पष्ट नावाचा कर मालमत्तेवर बसविलेला होता. म्हणजे कर्तव्यात भाडेकरूचा समावेश होता. अधिकारात मात्र तो नव्हता. ७२ सभासदांच्या त्या पालिकेत वॉर्डांतून निवडून येणारे ३६ होते, आणि त्यांना निवडण्याचा हक्क मुख्यतः करदात्यांपुरता मर्यादित होता. चाळीतील एका खोलीचा बिऱ्हाडकरू कुंडीपर्यंत केर नेण्यास बांधलेला, पण ती कुंडी कोठे असावी हे ठरविण्यात त्याला काडीइतकाही अधिकार नव्हता. महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्यास मत मिळाले ते १९२२ च्या दुरुस्तीने. प्रौढ मताधिकारावर पालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला आणि हाऊस-गल्ल्या एकाएकी सरकारच्या चिंतेचा विषय बनल्या. रोगाचे मूळ घाणीत आहे अशी त्या वेळची समजूत असल्याने गटारे व गल्ल्या खाऱ्या पाण्याने आणि कार्बोलिक द्रवाने धुऊन काढण्यात आल्या. उंदीर आणि पिसू यांचा संबंध पुढे सिद्ध झाल्यावर या धुण्याचा फोलपणा कळून आला. किंबहुना धुतलेल्या गटारांतून उंदीर नवीन घरांत पांगले असावेत अशीही शंका घेतली गेली. परंतु त्या चुकीच्या निदानातूनच एक चिरस्थायी संस्था जन्मास आली. १८९८ च्या कायद्याने स्थापन झालेले मुंबई शहर सुधारणा मंडळ, लोकांच्या तोंडचे ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’, हीच ती संस्था होय. दाट वस्ती पाडून रस्ते काढणे व बेटाच्या उत्तर भागातील मोकळ्या जमिनीवर नवी वसाहत उभारणे असा तिचा दुहेरी उद्योग होता. दादर-माटुंगा ही तिची पाचव्या क्रमांकाची योजना.

माटुंग्याची भातशेते व वाड्या संपादन करून ट्रस्टने प्रथम रस्ते आखले, गटारे घातली, मग प्लॉट पाडले आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. प्रत्यक्ष घरे उठावयास बराच काळ लागला. बहुतेक प्लॉट १९२० नंतरच्या दोन दशकांत भरले. भाडेपट्ट्यात अटी असत: प्लॉटचा किती भाग मोकळा सोडावा, इमारत किती उंच असावी, वापर कोणता करावा. १९०९ पासून दहा वर्षे ट्रस्टचे अध्यक्ष असलेले जे. पी. ऑर यांनी प्रकाशाच्या साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम हिरिरीने पुरस्कारिला. समोरच्या भिंतीच्या उंचीच्या निदान निम्मे तरी अंतर खिडकीपुढे मोकळे असावे, हा त्याचा साधा अर्थ. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शेजाऱ्याच्या उजेडाविषयीचे कर्तव्य या वसाहतीत उपदेशाच्या वाटेने आले नाही. ते जमिनीच्या करारातून आले. भिंत कोठे थांबावी हे लिहून ठेवलेले होते, आणि ते न पाळल्यास जमीन हातची जाण्याचे भय होते.

या चौकटीत राहणाऱ्यांनी स्वतःची भर घातली हेही खरे. ट्रस्टमधील अभियंते मंचेरजी एदलजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी प्लॉट राखून घेतले आणि दादर पारशी कॉलनीच्या रस्त्यांवरील झाडांची चिंता आयुष्यभर वाहिली. ‘फाइव्ह गार्डन्स’ला पुढे त्यांचेच नाव मिळाले. पश्चिमेकडे माहीम पार्क म्हणून १९२५ साली खुले झालेले मैदान नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये ‘शिवाजी पार्क’ झाले. मैदानाच्या नावावरून आग्रह धरणारे लोक त्याच्या कट्ट्याकडे आपलेपणाने पाहू लागतात, हा अनुभव शहररचनेच्या शास्त्रात नोंदला गेलेला नसला तरी दुर्लक्षिण्याजोगा नाही.

नव्या इमारतींतील खरा पालट मात्र बाहेरून दिसत नव्हता. चाळीत संडास सामायिक असे. दादर-माटुंग्याच्या ब्लॉकमध्ये तो घरात आला आणि भूमिगत गटाराला जोडला गेला. ज्या कामासाठी हाऊस-गल्ली होती ते काम पाण्याने आपल्याकडे घेतले. परंतु पाण्याने सारेच काम घेतले नाही. कित्येक इमारतींच्या पाठीमागे एक अरुंद, वळणाचा लोखंडी जिना असे. सफाई करणाऱ्याने पुढच्या दाराने न येता मागून वर चढून मोरी-संडास धुवावा, यासाठी तो बांधलेला. गल्ली आडवी होती ती उभी झाली, एवढेच म्हणावे लागेल. ज्या वसाहतींची गणना मुंबईतील आदर्श शेजारात होत असे, त्यांची स्वच्छता अस्पृश्य मानलेल्या कामगारांच्या श्रमावर उभी होती, आणि इमारतीच्या नकाशानेच त्यांना शेजारातून वगळले होते. याच दादरच्या हिंदू कॉलनीत १९३० नंतरच्या वर्षांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘राजगृह’ बांधले, आणि त्याच दशकात, १९३५ साली, पालिकेच्या कामगारांचा संघ त्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. या दोन घटना एकत्र ठेवून पाहिल्यावाचून उपनगरातील ‘नागरी जाणिवे’चा कोणताही वृत्तांत पुरा होत नाही. नागरिक कोण, आणि नागरिकांची घाण काढणारा कोण, हा भेद त्या जाणिवेच्या पायातच होता.

१९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाले. जमिनीचा मालक आणि सेवा पुरविणारी संस्था एकच झाली. प्रशासनाच्या दृष्टीने हे सोयीचे होते. पण भाडेपट्ट्याच्या अटींवर स्वतंत्रपणे डोळा ठेवणारी संस्था त्यामुळे नाहीशी झाली. माटुंग्यातील शिस्त पुढे सैल पडली, तिचे एक कारण येथे असावे असे अनुमान करण्यास जागा आहे.

माहीमच्या खाडीपलीकडील साष्टीत गोष्ट निराळ्या रीतीने घडली. वांद्र्यास १८७६ पासून स्वतःची नगरपालिका होती. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. १९१५ च्या नगररचना कायद्याखाली तेथे प्लॉट पडले आणि १९२८ पासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्यावर तेथे राहून शहरात नोकरी करणे सुलभ झाले. येथे ट्रस्टसारखा बलाढ्य जमीनदार नव्हता, आणि छोट्या पालिकांची तिजोरीही तशीच छोटी. म्हणून रहिवाशांना पुष्कळशा गोष्टी आपल्याआपणच कराव्या लागल्या. विलेपार्ल्यात १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय व १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. शाळा, वाचनालय, व्याख्याने यांची सोय तेथे वस्ती पुरती वसण्यापूर्वीच झाली होती. भूमिगत गटारांना मात्र कित्येक ठिकाणी अनेक दशके वाट पाहावी लागली. शाळा वर्गणीतून निघू शकते. मलवाहिनी निघू शकत नाही. स्वयंसेवेची शक्ती व मर्यादा या दोहोंचे माप यात मिळते.

सहकारी गृहरचना हा या काळातील दुसरा मार्ग. श्रीपाद सुबराव ताल्माकी यांच्या प्रयत्नाने १९१५ मध्ये गावदेवीस सारस्वत सहकारी गृहसंस्था निघाली व तिचे अनुकरण साष्टीत झाले. वांद्र्याची सॉल्सेट कॅथॉलिक संस्था १९१८ ची. जिना कोणी झाडावा, टाकीचे झाकण कोणी लावावे, पंप किती वाजता चालू करावा, या किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नांना प्रथमच सभेचे इतिवृत्त, उपविधी आणि वर्गणी लाभली. टाकीच्या झाकणाचा प्रश्न किरकोळ नव्हताच. मुंबईतील हिवतापाचे डास विहिरींत व टाक्यांत वाढतात हे डॉ. बेंटले यांच्या १९११ च्या अहवालाने दाखविल्यापासून विहिरी बुजविण्यावरून धर्मभावना आणि आरोग्यखाते यांचा दीर्घ झगडा चालू होता. गृहसंस्थांमुळे असे प्रश्न घरच्या पातळीवर सुटू लागले. परंतु या संस्था बहुधा एकेका जातीच्या वा समाजाच्या होत्या. त्यांची शिस्त आवाराच्या भिंतीपाशी संपे, आणि भिंतीबाहेरची पायवाट पुन्हा ‘म्युनिसिपालिटीची’ होई. अंगणाचे कुंपण जाऊन तेथे सोसायटीची भिंत आली.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने बेटावरील उपनगरांची घडी आतून बदलली. सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाणभूत ठरून गोठले. युद्धोत्तर घरटंचाईत भाडेकरूंना बेघर होण्यापासून त्याने वाचविले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. त्यावाचून माटुंगा, परळ, गिरगाव येथील लाखो कुटुंबे शहरात टिकली नसती. पण दुरुस्तीचे कर्तव्य मालकावर कायम ठेवून त्याचे उत्पन्न थिजविल्याने मालकाने हात आखडला. भाडेकरूने पागडी मोजली असल्याने त्याला वाटे की आपण निम्मे मालक आहोत, परंतु गच्ची गळू लागली की तो निखळ भाडेकरू होई. घरपट्टी भाड्याच्या मूल्यावर आकारली जात असल्याने पालिकेचे उत्पन्नही त्याच दोराने बांधले गेले. तिन्ही पक्ष पुन्हा एकमेकांकडे बोट दाखवू लागले. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले व उपकर बसला. तो बेटापुरता होता. १९५० व १९५७ साली बृहन्मुंबईत सामील झालेल्या उत्तरेकडील उपनगरांतील जुन्या भाड्याच्या घरांना त्याचा आधार मिळाला नाही. तेथे १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने व १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने सोसायटी हाच सर्वसाधारण प्रकार झाला.

भिंतीपाशी थांबलेली ही जबाबदारी रस्त्यावर उतरविण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये १९९६-९७ च्या सुमारास झाला. रहिवाशांनी ओला व सुका कचरा घरातच वेगळा केला, कुंड्या हलविल्या आणि गल्लीची निगा स्वतःकडे घेतली. पालिकेने हाच नमुना ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ या नावाने शहरभर नेण्याचे ठरविले. ज्या वस्त्यांत सोसायट्या होत्या तेथे तो रुजला. झोपडपट्ट्यांत, जेथे जमिनीचा हक्कच संदिग्ध होता, तेथे हा नमुना जसाच्या तसा लागू करता आला नाही. काही ठिकाणी या समित्यांचा उत्साह फेरीवाल्यांना हटविण्याकडे वळला, अशी टीकाही अभ्यासकांनी केली आहे व ती निराधार नाही. तरीही भाडेपट्ट्याची अट वा जातीचा बंध नसताना, केवळ एका गल्लीत राहतो या नात्याने लोक एकत्र आले, हा पालट लहान नव्हे.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा वेगळा करण्याचे कर्तव्य तो निर्माण करणाऱ्यावर टाकले, आणि दिवसाकाठी शंभर किलोंहून अधिक कचरा काढणाऱ्यांना त्याची विल्हेवाट शक्यतो आवारातच लावण्यास सांगितले. पुढील वर्षी मुंबई पालिकेने मोठ्या सोसायट्यांना त्यासाठी नोटिसा धाडल्या. त्यावर पुष्कळ सोसायट्यांनी घेतलेली हरकत अशी होती: आम्ही घरपट्टी भरतो, मग हे काम आमचे कसे? ३६८ व्या कलमातील मालक व भोगवटादार यांच्यावरील कर्तव्य त्या वेळी १२९ वर्षांचे झाले होते.