एनिड ब्लायटनच्या शाळेतील सभा

एनिड ब्लायटन हे नाव आपणांपैकी पुष्कळांनी घरातील मुलानातवंडांच्या तोंडून ऐकले असेल. १८९७ साली लंडनमध्ये जन्मलेली ही बाई १९६८ साली वारली, तेव्हा तिच्या नावावर सहाशेंहून अधिक पुस्तके जमा झाली होती. एवढे लिहिणाऱ्याचे सगळेच सकस नसते, तसे हिचेही नव्हते. बी.बी.सी.च्या अधिकाऱ्यांनी तिला सुमार ठरवून कित्येक वर्षे नभोवाणीपासून दूर ठेविले. परकीय व काळी माणसे तिने जशी रंगविली आहेत ती आज वाचवत नाहीत. १९६० साली मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने तिची एक गोष्ट परकीयांविषयीच्या तुसडेपणामुळेच परत केली होती. हे सर्व पदरी धरूनच आम्ही तिच्या तीन पुस्तकांविषयी बोलणार आहोत. त्यांतले पहिले, 'द नॉटिएस्ट गर्ल इन द स्कूल', १९४० साली निघाले; पुढची दोन १९४२ व १९४५ साली.

कामगार चळवळीतल्या माणसाने मुलांच्या गोष्टींत कशाला डोकवावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, या गोष्टींतले मुख्य पात्र आमच्या चांगल्या ओळखीचे आहे. ते पात्र म्हणजे सभा.

इंग्रजी शाळाकथांचा जुना साचा टॉमस ह्यूजच्या १८५७ सालच्या 'टॉम ब्राऊन्स स्कूलडेज'पासून चालत आलेला. मुलांची शाळा निराळी, मुलींची निराळी. वर हेडमास्तरांचा दरारा, खाली थोरल्या मुलांचा. ब्लायटनच्या व्हाइटलीफ शाळेत मुलगे व मुली एकत्र राहतात आणि आठवड्यातून एकदा सगळी शाळा सभेला बसते. विल्यम आणि रिटा ही दोन मुले न्यायाधीश, बारा मॉनिटर पंच. दोघी मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसतात, त्या मधे बोलत नाहीत. तक्रार कोणाची आहे, गाऱ्हाणे कोणाचे आहे, असे पुकारले जाते आणि निकाल मुले देतात.

सभेत एक पेटी असते. घरून आलेला प्रत्येकाचा पैसा तीत पडतो आणि श्रीमंताच्या लेकरालाही, गरिबाच्याही, आठवड्याला दोनच शिलिंग मिळतात. जास्त हवे असतील तर उभे राहून कारण सांगावयाचे. एलिझाबेथ अ‍ॅलन ही लाडावलेली मुलगी येथे येते ती मुळी हाकलून घेण्याच्या इराद्याने. सभा तिला सांगते, तुला नकोच असेल तर अर्ध्या सत्रानंतर खुशाल घरी जा. बंडखोराला असा जबाब मिळाला की त्याची पंचाईत होते, हे संपाच्या वाटाघाटींत बसलेल्यांस सांगावयास नको! पुढे तिला मामाकडून एक पौंड येतो, म्हणजे दहा आठवड्यांचा वाटा. ती तो पेटीत न घालता, आईने उपेक्षिलेल्या एका मैत्रिणीच्या वाढदिवसावर गुपचूप खर्च करते. हेतू चांगला, पण पैसा सगळ्यांचा. युनियनच्या वर्गणीबाबत हा पेच आम्ही किती वेळा सोडविला असेल!

दुसऱ्या पुस्तकात रॉबर्ट हा लहानांना छळतो. सभा नुसती शिक्षा सांगून मोकळी होत नाही. तो असा का झाला याचा शोध घेते. धाकट्या भावांमुळे घरात आपण दुरावलो, ही त्याची जुनी सल बाहेर येते आणि शाळेतल्या घोड्यांची निगा त्याच्याकडे सोपविली जाते. तिसऱ्यात एलिझाबेथ स्वतः मॉनिटर होते, एका निरपराध मुलावर चोरीचा आळ घेते आणि तीच सभा तिचे पद काढून घेते. सभेने दिलेले अधिकार सभेला परत घेता आले पाहिजेत, हे दहा वर्षांच्या वाचकाला यापेक्षा सोपे करून कोणी सांगितल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

हे सारे हवेतले नव्हते. होमर लेनने १९१३ साली डॉर्सेटमध्ये वाट चुकलेल्या मुलांची 'लिटल कॉमनवेल्थ' काढली, तिचे नियम मुलेच करीत. ए. एस. नीलची १९२१ साली जर्मनीत सुरू झालेली समरहिल शाळा १९२७ पासून सफोक परगण्यात होती. तेथेही सभेत मास्तराचे मत एक आणि पोराचेही एक. ब्लायटन स्वतः फ्रोबेल पद्धतीची शिक्षिका, आणि तिचे ते शिक्षण त्याच परगण्यातील इप्सविचला झाले होते.

मात्र पेटी सारखी असली तरी दरवाजा सारखा नव्हता. व्हाइटलीफ ही फी भरून राहावयाची शाळा. १९४० साली इंग्लंडात कामगारांची बहुतेक मुले चौदाव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागत. ती मर्यादा पंधरावर गेली १९४७ साली. खाणकामगाराचे पोर त्या सभेत बसलेले ब्लायटनने दाखविलेले नाही, आणि पेटीविषयी बोलताना आम्हांस हे वारंवार आठवते.

तिच्या दुसऱ्या दोन शाळा अधिक गाजल्या. सेंट क्लेअर्सची सहा पुस्तके १९४१ ते १९४५ मध्ये निघाली, मॅलरी टॉवर्सची सहा १९४६ ते १९५१ मध्ये. दोन्ही केवळ मुलींच्या. तेथे मध्यरात्रीच्या मेजवान्या आहेत, खोड्या आहेत, करारी पण मायाळू हेडमिस्ट्रेस आहेत. पेटी नाही, आणि आठवड्याची सभाही नाही.