हुबळी-धारवाडच्या मिशन शाळा आणि गरिबाच्या मुलाचा शाळाप्रवेश

हुबळीच्या जुन्या बाजारभागातील दाजीबानपेठ म्हणजे तुळजाभवानीचे मंदिर, सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची जुनी वस्ती आणि कन्नडच्या जोडीने कानी पडणारी मराठी. गोव्याहून लोंढामार्गे रेल्वेने जाणाऱ्यांना हे शहर परके नाही. मात्र याच हुबळीत आणि जवळच्या धारवाडात गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाचा जो प्रश्न एकोणिसाव्या शतकात उभा राहिला, त्याची आठवण आज फारशी निघत नाही. मूल शाळेत का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा ‘फी परवडत नाही’ एवढेच नव्हते. आजही ते एवढेच नाही.

मिशनचे आगमन

बासेल मिशनची स्थापना १८१५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेल शहरात झाली. तिचे बरेचसे मिशनरी दक्षिण जर्मनीतील वुर्टेंबर्ग प्रांतातून आलेले, शेतकरी व कारागीर घरांतले होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३३ च्या सनदेने ब्रिटिशेतर मिशनऱ्यांनाही हिंदुस्थानात काम करण्याची मोकळीक मिळाली आणि १८३४ मध्ये सॅम्युएल हेबिख, लेनर व ग्रायनर हे तिघे मंगळुरास पोहोचले. तेथून मिशन घाटावर चढले. धारवाडात १८३७ मध्ये, हुबळीत १८३९ मध्ये आणि गदगजवळच्या बेटगेरीत १८४१ मध्ये त्यांची ठाणी झाली.

या मंडळींचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. प्रत्येक माणसाने बायबल स्वतः वाचले पाहिजे, ही त्यांची श्रद्धा. त्यामुळे प्रार्थनामंदिराच्या जोडीला शाळा हवीच, हे ओघाने आले. पालकांना त्यामुळेच या शाळांचा धाक वाटे. मूल अक्षर शिकेल खरे, पण ते आपल्यात राहील ना, ही शंका निराधार नव्हती. मिशन शाळांचे ऋण मोजताना ही शंका बाजूला सारणे जसे योग्य नाही, तसेच तिच्या आधाराने त्यांचे सारे शैक्षणिक काम पुसून टाकणेही योग्य नाही.

भाषेची अडचण

पेशवाईचा अस्त झाल्यानंतर धारवाडचा मुलूख मुंबई इलाख्यात आला. सरकारी कारभारात आणि शिक्षणात मराठीचे वजन होते. मराठी वाचकाला हे सांगणे थोडे अवघड आहे, पण ज्या मुलाच्या घरात कन्नडशिवाय दुसरी भाषा नव्हती, त्याला मराठी शाळेत आधी भाषा आणि मग विषय असे दुहेरी ओझे उचलावे लागत असे. पुढे शिक्षणखात्यातील अधिकारी ‘डेप्युटी’ चन्नबसप्पा यांनी कन्नड शाळांसाठी झटून ही स्थिती पालटण्यास मोठा हातभार लावला.

बासेल मिशनने लोकभाषेची कास धरली होती. मंगळुरात १८४१ मध्ये त्यांचा छापखाना सुरू झाला. हेर्मान म्योग्लिंग यांनी १८४३ मध्ये तेथे ‘मंगळूर समाचार’ काढले. कन्नडमधील पहिले वृत्तपत्र म्हणून ते ओळखले जाते. १८५३ मध्ये आलेल्या फर्डिनांड किट्टेल यांनी अनेक वर्षांच्या श्रमातून सिद्ध केलेला कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७० हजार शब्द आहेत. शाळेतल्या मुलासाठी याचा अर्थ साधा होता. त्याच्या घरातली बोली छापील पुस्तकात येऊ लागली.

१८५६ : फी देऊ केली, प्रवेश मिळाला नाही

जून १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. ठरलेली फी देण्याची तयारी असूनही धारवाडच्या सरकारी शाळेत आपल्याला प्रवेश नाकारला जातो, अशी त्याची तक्रार होती. सरकारने जुलैमध्ये निर्णय दिला. तत्त्वतः न्याय मुलाच्या बाजूने आहे, हे त्यात मान्य केले होते. मात्र एका-दोघांसाठी शतकानुशतकांच्या समजुतींना एकाएकी हात घातला, तर इतर मुले शाळा सोडतील आणि शिक्षणाच्या कार्याचीच हानी होईल, असे कारण देऊन त्याला प्रवेश दिला गेला नाही.

प्रकरण तेथे मिटले नाही. जानेवारी १८५७ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने, बंगालमध्ये असा नकार दिला गेला नसता, असे कळवले. एप्रिल १८५८ च्या खलित्यात कंपनीच्या लंडनमधील संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत, हे तत्त्व स्पष्ट केले. १८८२ च्या हंटर आयोगानेही या प्रकरणाची दखल घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन सादर केले, तेव्हा धारवाडचे हे उदाहरण त्यांनी सविस्तर मांडले.

मिशन शाळांचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. बासेल मिशनने आपल्या मंडळ्यांत जातिभेद मान्य केला नव्हता. मराठी मुलखात अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून अहमदनगर येथे आणि स्कॉटिश मिशनने मुंबई-पुण्यात शाळा चालवल्या. महात्मा जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरमध्ये सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून ते प्रभावित झाले. सावित्रीबाईंचे शिक्षिका म्हणून प्रशिक्षणही फरारबाईंकडे झाले. धारवाडच्या अर्जाच्या चार वर्षे आधी, १८५२ मध्ये, फुले दांपत्याने पुण्यात महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. मिशनच्या शाळेत दिसलेली शक्यता त्यांनी स्वतंत्र बुद्धीने उचलली आणि धर्मांतराच्या अटीशिवाय आपल्या समाजात रुजवली.

भाकरी आणि निवारा

प्रवेश मिळाला तरी मुलाचे पोट उरतेच. गरिबाच्या घरात मूल म्हणजे गुरे राखणारा, धाकट्या भावंडाला सांभाळणारा, मागावर हात चालवणारा कमावता हात. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने धारवाडच्या मुलखाला होरपळून काढले. अशा काळात अनाथाश्रम व निवासी शाळा हेच काही मुलांचे एकमेव घर ठरले. धर्मांतर केलेल्या कुटुंबांचा प्रश्न आणखी वेगळा होता. जातीने बहिष्कृत केल्यावर त्यांचे घर, शेत आणि धंदा एकदमच तुटत असे.

त्यातून मिशनने उद्योग उभारले. मंगळूर, कण्णूर, कोळिकोड येथे विणकामाचे कारखाने निघाले आणि १८६५ मध्ये गेओर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळुरात कौलांचा कारखाना सुरू केला. गोव्यातील असंख्य घरांवर चढलेल्या मंगळुरी कौलांची परंपरा तेथून सुरू होते. आईबापांच्या हाताला नियमित मजुरी मिळाली, की मुलाचे हात शाळेसाठी मोकळे होतात, हे त्यामागचे साधे गणित. या व्यवस्थेलाही मर्यादा होती. नोकरी, घर आणि उपासना एकाच संस्थेच्या हाती असल्यावर कुटुंबाला ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य कितपत उरते, हा प्रश्न राहतोच.

पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनरी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि मिशनचे काम विस्कळीत झाले. तरी शाळा टिकल्या. धारवाडचे बासेल मिशन हायस्कूल आजही चालू आहे. नाटककार गिरीश कार्नाड तेथे शिकले. या भागातील मिशनचा वारसा आता चर्च ऑफ साउथ इंडियाच्या उत्तर कर्नाटक धर्मप्रांताकडे आहे आणि त्याचे मुख्यालय धारवाडातच आहे.

धारवाडला दुसरे उत्तरही मिळाले. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापली. मुंबई इलाख्यात दलित विद्यार्थ्यांसाठी जी पाच वसतिगृहे तिच्याकडे आली, त्यांत पनवेल, ठाणे, नाशिक व पुणे यांच्यासह धारवाडही होते. बहात्तर वर्षांपूर्वी ज्या गावात एका मुलाला शाळेत घेतले नव्हते, तेथे त्याच्यासारख्या मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय त्याच्याच समाजातील नेत्याने केली.

आजचा कायदा आणि गोव्यातील मुले

६ ते १४ वयोगटातील प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. जे पूर्वी दयेवर अवलंबून होते, ते आता हक्काचे झाले. गोव्यातील वाचकांसाठी त्यातील काही तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. आपल्याकडे बांधकामांवर व मासळी जेटींवर राबणारी अनेक कुटुंबे उत्तर कर्नाटकातून येतात आणि काम संपले की मुलांसह दुसरीकडे जातात.

शाळेत कधीच न गेलेल्या वा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे, असे कलम ४ सांगते. कलम ५ प्रमाणे दुसऱ्या राज्यात जावे लागले तरी शाळा बदलून घेण्याचा हक्क राहतो आणि दाखल्याला उशीर झाला, हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. वयाचा पुरावा नसल्यामुळे प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४); प्रवेशाची मुदत उलटल्यामुळेही नाही (कलम १५).

एक बाब अनेकांना ठाऊक नसते. विनाअनुदानित खासगी शाळांनी किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात, अशी तरतूद याच कायद्यात आहे. मात्र २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, असा निर्णय दिला. परिणामी, गरिबाच्या मुलाला शाळेत आणण्याच्या हेतूने ज्या परंपरेचा आरंभ झाला, तिच्या शाळांवर ते मूल घेण्याची ही कायदेशीर सक्ती राहिली नाही. तेथे पूर्वीचाच हेतू जपणे संस्थाचालकांच्या विवेकावर आहे.

भाषेचा जुना प्रश्नही नव्या रूपात आला आहे. गोव्यात काही ठिकाणी कन्नड माध्यमाच्या प्राथमिक शाळा आहेत. बाकी ठिकाणी हुबळी-धारवाडकडील मूल मराठी, कोंकणी वा इंग्रजी वर्गात येऊन बसते आणि बरेच दिवस गप्प राहते. एकोणिसाव्या शतकात मराठी वर्गात बसलेल्या कन्नड मुलाची अडचण हीच होती. अशा मुलाला ‘अभ्यासात कच्चे’ ठरवण्याआधी त्याला शिक्षकाची भाषा कळते का, हे तपासायला हवे. माध्यान्ह भोजनाने भुकेचा प्रश्न काही अंशी सुटला; आईबापांच्या अस्थिर रोजगाराचा सुटलेला नाही. कामाच्या जागेवर शाळेच्या वेळेत मूल दिसले, तर जवळच्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवणे हे कोणत्याही नागरिकाला जमण्यासारखे आहे. धारवाडच्या मुलाला अर्ज स्वतःच करावा लागला होता. आजच्या मुलासाठी तो दुसऱ्या कुणीतरी करायला हवा.