ट्रंकेतील दप्तर

बदलीने चेन्नईस आलेल्या आम्हां मराठी मंडळींच्या ट्रंकांत आजोबांची मोडी पत्रे आणि पणजीचे पिवळे पडलेले छायाचित्र बहुधा असतेच. येथील दमट हवेचा पहिला घाला त्यांवरच पडतो. पत्रांना कसर लागते. चौकटीतील छायाचित्र काचेला चिकटते.

अशा वेळी आम्हांस तंजावरचे सरफोजीराजे आठवतात. त्यांची उमेदीची काही वर्षे याच शहरी, तेव्हाच्या मद्रासेत, विद्याभ्यासात गेली. पुढे १७९८ ते १८३२ या आपल्या कारकीर्दीत त्यांनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला, आणि पुस्तकांवर स्वतःची सही व तारीख घातली. राज्य १८५५ साली खालसा झाले. ग्रंथ आणि मोडी कागद मात्र राहिले. १९१८ साली तो संग्रह जनतेस खुला झाला.

वस्तू टिकविण्याचे शास्त्र येथे पुढे आले. एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात १९३० साली डॉ. परमशिवन यांनी ब्राँझमूर्तींच्या गंजावर उपचार करणारी रसायनशाळा उभारली. नाशाचे कारण आधी शोधावे, हा तिचा धडा घरासही लागू पडतो. ट्रंक ओलसर भिंतीपासून दूर असावी. पत्रे आम्लरहित कागदात ठेवावीत. फाटल्यास चिकटपट्टी लावू नये. छायाचित्र व काच यांत जाड कागदाची किनार घालावी. चिकटलेले छायाचित्र ओढून काढू नये.

आणि सरफोजींचा कित्ता गिरवून छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव व साल लिहावे. पणजीचा चेहरा शास्त्र राखील. ती कोण होती, हे आम्हीच लिहून ठेवले पाहिजे, आणि तेही पुढल्या बदलीचा हुकूम येण्यापूर्वी.