नराच्या रक्तातील बलक

राजेरजवाड्यांचा इतिहास बखरींतून सापडतो; पाण्याचा इतिहास कधीकधी माशाच्या पोटात सापडतो. त्यातलेच एक पान आज वाचकांपुढे ठेवतो. गोष्ट इंग्लंडमधली आहे. कादंबऱ्या रचण्यात मी बरीच वर्षे घालवली, परंतु हे कथानक मला सुचले नसते.

तेथील दोन सांडपाणी-शुद्धीकरण केंद्रांच्या निवळणीच्या तळ्यांत काही मासे विलक्षण आढळले. एकाच देहात नराची लक्षणे आणि मादीचीही! पाण्यात मादीच्या संप्रेरकासारखे काहीतरी असावे, असा संशय आला. पण सांडपाण्यात द्रव्ये शेकडो. चोराचे नावगाव ठाऊक नसता त्याला धरावे कसे?

ब्रुनेल विद्यापीठाचे जॉन सम्प्टर आदी संशोधकांनी चोर बाजूला ठेवून आधी चोरीची खूण शोधली. अंडी धरण्याच्या सुमारास मादीचे संप्रेरक तिच्या यकृताला हुकूम सोडते, आणि यकृत बलकाचे मूळ प्रथिन, व्हायटेलोजेनिन, रक्तात घालू लागते. ही विद्या नराच्या यकृतालाही अवगत असते; फक्त त्याला तसा हुकूम मिळत नाही. तेव्हा नराच्या रक्तात ते प्रथिन भरपूर सापडले, तर हुकूम बाहेरून आला हे उघड.

मग ट्राउट मासे पिंजऱ्यांत घालून केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ठेवले. १९९४ साली निष्कर्ष छापून आला: जागेप्रमाणे ते प्रथिन ५०० पटींपासून १,००,००० पटींपर्यंत वाढले होते! पुढे नद्यांत नर ट्राउट ठेवले, तेव्हाही तीच खूण उमटली.

१९९८ पर्यंत मुख्य चोरही सापडले. कित्येक ठिकाणी ते कारखान्यातले नव्हतेच. स्त्रीदेहातील नैसर्गिक संप्रेरके आणि संततिनियमनाच्या गोळीतील एक कृत्रिम संप्रेरक! शरीर ती निष्प्रभ करून बाहेर टाकते. सांडपाण्यातले जंतू त्यांचे बंधन सोडवून ती पुन्हा जागी करतात. लोकरीच्या गिरण्यांच्या काठच्या एअर नदीत मात्र साबणासारख्या द्रव्यांपासून उपजलेली रसायनेही दोषी ठरली.

कुणी म्हणेल, बलक आला तर बिघडले काय? कॅरेन किड यांनी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात एक अख्खे तळेच प्रयोगाला घेतले. २००१ ते २००३ त्यात गोळीतले ते संप्रेरक सोडले. प्रमाण किती? शंभर कोटी लिटर पाण्यात ५-६ ग्रॅम! तेवढ्याने तळ्यातले मिनो नावाचे लहान मासे जवळजवळ नाहीसे झाले. संप्रेरक सोडणे थांबविल्यावर काही वर्षांनी ते पुन्हा वाढले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

२००९ साली आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने एकवीस दिवसांच्या मत्स्यचाचणीला मान्यता दिली. नव्या द्रव्याची पारख करताना आजही माशांच्या रक्तातली तीच खूण पाहतात.

या कथेत खलनायक शोधायला गेलो, तो मला भेटला नाही. औषध घेणाऱ्या स्त्रीचा अपराध काय? चूक आहे ती मोरीतून पाणी गेले की आपला त्याच्याशी संबंध संपला, या समजुतीत. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करताना आपण नद्यांची नावे घेतो. तांब्यातले पाणी अंगावरून ओघळून मोरीकडे जाते, तेव्हाही त्यांची आठवण राहावी, एवढेच.