काचेपलीकडचं आइस्क्रीम

आपल्या स्मरणिकांतून आजवर बीदरच्या किल्ल्यावर, महमूद गवानच्या मदरशावर, माणिकनगरच्या प्रभूंवर आणि बसवकल्याणवर पुष्कळ लिहून झालं आहे. यंदा आम्ही थोडा वेगळा विषय घेतला आहे, तो म्हणजे आइस्क्रीमचा कारखाना, तो बघायला जाणारी माणसं आणि त्यात काम करणारी माणसं. विषय वरवर पोरकट वाटेल. पण दूध, बर्फ आणि विश्वास या तीन गोष्टींचा इतिहास त्यात गुंतलेला आहे, आणि त्यातलं दूध तर थेट आपल्या अंगणातलं आहे.

आधी बर्फाचं पाहू. अकबराच्या काळी सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून पाणी गार करत आणि डोंगरातला बर्फ लाहोरला आणत, असं 'ऐन-ए-अकबरी'त नोंदलेलं आहे. तो थंडावा बादशहाचा आणि सरदारांचा. रयतेच्या वाट्याला माठ आणि वाळा. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने बोस्टनहून कलकत्त्याला जहाजातून बर्फ पाठवला. गोठलेल्या तळ्यांतून कापलेल्या या लाद्या लाकडाच्या भुशात बांधून चार महिन्यांचा प्रवास करून आल्या, आणि वाटेत बराच भाग वितळूनही पुष्कळ बर्फ शिल्लक राहिला. पाठोपाठ मुंबई आणि मद्रासलाही बर्फ येऊ लागला आणि तो ठेवायला बर्फघरं उभी राहिली. मद्रासचं बर्फघर अजून उभं आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून त्याला आता त्यांचंच नाव आहे.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या घरच्या मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि नंतर यजमानासह पाहुण्यांना सर्दी झाली, ही हकिगत मुंबईच्या इतिहासात हमखास सांगितली जाते. त्या काळच्या गुजराती वर्तमानपत्राने त्यावर टोमणाही मारला होता म्हणतात. सर्दी खरोखर आइस्क्रीमने झाली की हवेने, हे सोडून देऊ. पण परक्या मुलखातून आलेला, कुणाच्या हाताखालून गेलेला कोण जाणे, असा बर्फ पोटात घालायचा का, हा प्रश्न तेव्हापासून आहे. आपल्या आज्या 'बाहेरचा बर्फ खाऊ नकोस' म्हणायच्या, त्यामागेही हीच शंका होती. आणि ती निराधार नव्हती. पाणी वाईट असेल तर बर्फही वाईटच.

१८८० च्या सुमारास बर्फ यंत्रावर तयार होऊ लागला आणि बोस्टनच्या बर्फाचा धंदा बसला. त्याआधीच, १८४३ साली, नॅन्सी जॉन्सन या अमेरिकन बाईंनी हाताने फिरवायच्या आइस्क्रीम पॉटचं पेटंट घेतलं होतं. लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा, डब्यात फिरणारी पाती, वर दांडा. डबा आणि बादली यांच्या मधल्या जागेत बर्फ आणि खडे मीठ. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली जाऊन वितळतो आणि वितळताना लागणारी उष्णता दुधातून ओढून घेतो. बर्फ आणि मीठ नीट प्रमाणात असतील तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. एवढं साधं शास्त्र, पण त्यावर शंभर-सव्वाशे वर्षं उन्हाळे निभावले गेले.

आपल्यापैकी ज्येष्ठांनी हा पॉट फिरवलेला आहे. गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, ती फोडायला दस्ता, आटवलेलं दूध, आणि दांड्यापाशी पोरांची रांग. सुरुवातीला दांडा हलका फिरतो म्हणून लहानांना द्यायचा, जड झाला की मोठ्यांनी घ्यायचा. सगळ्यांत मोठी भीती खाऱ्या पाण्याची. झाकण नीट बसलं नाही आणि मिठाचं पाणी आत झिरपलं की सगळं आइस्क्रीम खारट. म्हणून झाकण उघडायचा मान घरातल्या सगळ्यांत सावध माणसाला. त्या आइस्क्रीमबद्दल कुणालाही शंका नसायची, कारण दूध कुणाकडचं, साखर कुठली आणि दांडा कुणी फिरवला, हे सगळं डोळ्यांसमोर घडलेलं असायचं.

हैदराबाद संस्थानातल्या आपल्या लोकांना याच पद्धतीच्या आइस्क्रीमची ओळख हैदराबादेतही झाली. निजामाच्या धाकट्या मुलाच्या नावाने १९३५ साली उभ्या राहिलेल्या मोअज्जम जाही मार्केटच्या आवारातली आइस्क्रीमची दुकानं अजून सीताफळ, आंबा, चिकू, अंजीर अशा ऋतूतल्या फळांसाठी ओळखली जातात. तिकडे नागपुरात १९३२ साली दिनशॉ आणि एरचशॉ राणा या पारशी बंधूंनी दुधाच्या धंद्याला सुरुवात केली आणि पुढे त्यांचं आइस्क्रीम विदर्भाच्या घराघरांत गेलं. मुंबईत १९८४ साली जुहूला 'नॅचरल्स' सुरू करणारे रघुनंदन कामत मूळचे मंगळूरजवळच्या मुल्कीचे, फळविक्रेत्याचे चिरंजीव. फळ पारखायची वडिलांकडून मिळालेली नजर हेच त्यांचं भांडवल. सुरुवातीला गिऱ्हाईक यावं म्हणून ते पावभाजीही विकत. कर्नाटकातून महाराष्ट्रात जाऊन नाव काढलेला हा माणूस २०२४ साली गेला.

आता कारखाना लोकांना दाखवण्याची गोष्ट. आपल्या मुलखात दुधाचा कारखाना लोकांसमोर उघडा करण्याचं मोठं उदाहरण म्हणजे मुंबईची आरे वसाहत. भेसळीच्या दुधाने आणि शहरातल्या गलिच्छ गोठ्यांनी मुंबई त्रासली होती. १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली आणि तिचे सूत्रधार होते दारा खुरोडी. म्हशी शहराबाहेर नेल्या, दूध यंत्रावर तापवून बाटलीबंद केलं आणि लोकांना ते बघू दिलं. देशोदेशीचे पाहुणे तिथे आले. १९६३ साली खुरोडी, वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमचं दूध शुद्ध आहे, असं नुसतं सांगणं वेगळं आणि या, बघा म्हणणं वेगळं. दुसऱ्यात धाडस लागतं.

आइस्क्रीमच्या बाबतीत जगात या प्रकाराची सर्वांत गाजलेली जागा अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात वॉटरबरी येथे आहे. बेन कोहेन आणि जेरी ग्रीनफिल्ड या दोन मित्रांनी १९७८ साली एका जुन्या पेट्रोल पंपाच्या इमारतीत दुकान काढलं आणि १९८० च्या दशकात वॉटरबरीला कारखाना बांधून तो लोकांना दाखवायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरच्या काचेतून खालची यंत्रं दिसतात, शेवटी चव मिळते. बाहेर टेकडीवर बंद पडलेल्या चवींची चक्क दफनभूमी आहे. प्रत्येक चवीला थडगं, थडग्यावर तिच्या नावाने विनोदी ओळी. कामगारांना रोज तीन डबे आइस्क्रीम घरी न्यायची मुभा होती, ही गोष्ट पाहुण्यांना मोठ्या चवीने सांगितली जाते. आपली फसलेली कामं अशी उघड्यावर मांडायची कल्पना आपल्याकडच्या धंद्यांनीही उचलावी असं आम्हाला वाटतं.

काचेपलीकडे नेमकं काय चालतं? दूध, साय, दूधपावडर आणि साखर एकत्र करून ते मिश्रण सुमारे ८० अंशांवर तापवतात. मग दाबाखाली बारीक छिद्रांतून काढतात, म्हणजे स्निग्धांशाचे कण बारीक होतात आणि लोणी सुटत नाही. ते गार करून चार अंशांच्या आसपास काही तास मुरत ठेवतात. पाहुण्यांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, कारण टाकीत काहीच हलताना दिसत नाही. पण आपल्या पुरणासारखंच याचंही आहे, मुरल्याशिवाय चव येत नाही. नंतर यंत्रात ते घुसळत गोठवतात आणि त्यात हवा मिसळते. हवा नसेल तर आइस्क्रीमचा दगड होईल, आणि जास्त असेल तर गिऱ्हाईक पैसे हवेचे देईल. म्हणून आपल्या अन्नसुरक्षा कायद्याने हद्द घातली आहे. एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम हवं आणि साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलं असेल तर त्याला आइस्क्रीम म्हणता येत नाही, वेष्टनावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहावं लागतं. पुढच्या वेळी नातवंडांना कप घेऊन द्याल तेव्हा एवढं जरूर वाचा.

इथून पुढे माल उणे ३० अंश किंवा त्याहून थंड खोलीत कडक होतो आणि मग उणे १८ च्या खाली साठवला जातो. कलबुर्गीला मे महिन्यात पारा ४२ वर असतो, त्या दिवसांत अशा खोलीत काम करणारा माणूस जाड कोट, टोपी आणि हातमोजे घालून आत जातो. बाहेर आला की त्याच्या चष्म्यावर दव आणि कपाळावर घाम. खोलीचं दार आतूनही उघडता आलंच पाहिजे, आणि ते उघडतं का, हे तपासणं हे रोजचं काम. मोठ्या यंत्रणांत थंडाव्यासाठी अमोनिया फिरतो, आणि तो गळला तर डोळे-घसा जाळतो. म्हणून आवारात उंचावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी लावतात. गळती झाली तर कुठल्या बाजूला पळायचं, हे त्या पिशवीकडे बघून ठरतं. वीज गेली की जनित्र सुरू होईपर्यंतचे क्षण सगळे घड्याळाकडे बघत काढतात. पाळी संपताना नळ्या, टाक्या, पाती धुण्याचं काम असतं, आणि अनुभवी माणसं सांगतात की कारखान्याची खरी परीक्षा तिथेच होते. पाहुण्यांना हे काहीच दिसत नाही. त्यांना दिसते चकचकीत काच.

आता आपल्या घराकडे वळू. बीदरशेजारची कोळारची औद्योगिक वसाहत औषधांच्या कारखान्यांसाठी ओळखली जाते. आइस्क्रीमचा मोठा कारखाना पाहायचा तर हमरस्त्याने जहीराबादच्या बाजूला, तेलंगणात जावं लागतं. पण १९५६ पूर्वी हे जहीराबाद आपल्याच बीदर जिल्ह्यात होतं! त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली तेव्हा जिल्ह्याचे तीन वाटे झाले. जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. आमच्या घराघरांत त्या वाटणीच्या खुणा आहेत. माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्यात, आणि मुलांच्या शाळेची भाषा तिसरीच.

वाटणी झाली नाही ती गाईची. देवणी गाय उदगीर-देवणीच्या भागातली, आणि बीदरचीही तितकीच. पांढरी, तोंड काळं असलेली ती वानेरा. स्वच्छ पांढरी ती बाळंक्या. अंगावर काळे ठिपके असलेली ती शेवरा. दूध देणारी आणि नांगर ओढणाऱ्या बैलांची आई. ट्रॅक्टर आल्यावर बैलांची गरज घटली, संकरित गाई आल्या, डेअरीत लिटरावर भाव ठरू लागला, आणि देवणी आमच्या दावणीवरून कमी होत गेली. बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने तिच्या संवर्धनाचं काम हाती घेतलं आहे, हे समाधान आहे. पण गाय शेवटी टिकते ती शेतकऱ्याच्या गोठ्यात.

म्हणून आमची एक विनंती आहे. मुलांना आइस्क्रीमचा कारखाना दाखवायला जरूर न्या, काच पाहू द्या, चव घेऊ द्या. पण काचेपलीकडच्या माणसाला नमस्कार करायला शिकवा. आणि परत येताना एखाद्या खेड्यातल्या दावणीपाशी थांबून देवणी दाखवा, तिच्या तिन्ही जातींची नावं सांगा. ही नावं मराठी आहेत. ती आपण बोललो नाही तर आणखी एका पिढीनंतर ती कुणाला ठाऊक राहणार नाहीत. चवींच्या दफनभूमीत विनोद चालतो. आपल्या गाईच्या नावांवर तशी पाळी येऊ नये, एवढंच श्रीचरणी मागणं.

गणपती बाप्पा मोरया!