पेटंट-दस्तऐवज : विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इतिहासाचे एक साधन

प्रस्तावना : इतिहासलेखनात पत्रव्यवहार व शासकीय दप्तरे यांना साधनांचा दर्जा पूर्वीच लाभला आहे. पेटंट-दस्तऐवजांकडे मात्र दीर्घकाळ केवळ कायदेशीर वा तांत्रिक कागद म्हणून पाहिले गेले. डिजिटल अभिलेखागारांमुळे हे कागद आता महाविद्यालयातील अभ्यासकांनाही सहज उपलब्ध झाले आहेत. त्यांच्या उपयुक्ततेचा व मर्यादांचा विचार येथे केला आहे.

पार्श्वभूमी : भारतात पेटंटविषयक पहिला कायदा १८५६ मध्ये झाला. १९११ च्या पेटंट व डिझाइन कायद्याने हे प्रशासन नियंत्रकाच्या अधिकाराखाली आणले. तथापि त्या काळातील काही भारतीय संशोधकांनी परदेशांतही पेटंटे घेतली.

जगदीशचंद्र बोस : बोस यांनी विद्युत्लहरींचा वेध घेणाऱ्या उपकरणासाठी ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत अर्ज केला. २९ मार्च १९०४ रोजी त्यांना ७,५५,८४० क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्यातील अर्धा हक्क स्वामी विवेकानंदांच्या अमेरिकन शिष्या सारा बुल यांच्या नावे आहे. संशोधनातून धन मिळविण्याविषयी बोस उदासीन होते. त्यामुळे ही एक नोंदही पेटंटामागील स्नेहसंबंधांचा व आग्रहाचा मागोवा घेण्यास प्रवृत्त करते.

शंकर आबाजी भिसे : मुंबईत १८६७ साली जन्मलेल्या भिसे यांनी लंडनमध्ये जलद खिळे पाडणारे 'भिसोटाइप' यंत्र सिद्ध केले. पेटंटातील आकृत्या त्यांच्या प्रतिभेची साक्ष देतात; परंतु यंत्र बाजारात का स्थिरावले नाही, याचे उत्तर तेथे मिळत नाही. त्यासाठी त्यांना साहाय्य करणाऱ्या दादाभाई नौरोजींचा पत्रव्यवहार आणि रतनजी टाटांच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या उपक्रमाचा इतिहास पाहावा लागतो. केवळ पेटंटांची संख्या मोजल्यास 'भारतीय एडिसन' ही गौरवगाथा तेवढी उरते. भांडवलाअभावी झालेली कोंडी दृष्टिआड होते.

मर्यादा : डिजिटल शोध हा अक्षरांवर अवलंबून असतो. मूळ कागदावर बोस यांचे नाव 'जगदीस चंदर' असे आहे. भिसे यांच्या आडनावाचेही रोमन लिपीत एकाहून अधिक वर्णविन्यास आढळतात. जुन्या छपाईचे यांत्रिक वाचनही सदोष असते. म्हणून शोधात नाव न सापडणे हा ती व्यक्ती नसल्याचा पुरावा मानता येत नाही.

समारोप : पेटंट हे शोधावरील हक्काचे प्रमाण आहे, त्याच्या यशाचे नव्हे. पत्रे, कंपन्यांची दप्तरे आणि शासकीय कागद यांच्याशी ताडून पाहिल्यावरच त्यातून इतिहास उलगडतो. डिजिटायझेशनने अभ्यासकाचे अंतर कमी केले. साधनचिकित्सेची जबाबदारी मात्र कमी केलेली नाही.