तासणी

अश्मयुगीन दगडी हत्यार. छिलक्याच्या कडेचे बारीक कपचे काढून तिला जाड, टिकाऊ धार देत. अशा धारेने कातडे न फाटता त्यावरील मांस व चरबी खरवडता येई. लाकूड व हाडही तासता येई. हे उपयोग धारेवरील झीज सूक्ष्मदर्शकाने तपासून ठरवितात. पश्चिम यूरोपात तासण्या मुख्यतः फ्लिंटच्या असत. वसई-विरारसह दक्षिण ट्रॅपच्या प्रदेशात फ्लिंट मिळत नाही. तेथे बेसाल्टच्या पोकळ्यांत बनणारे कॅल्सेडोनी, जॅस्पर यांसारखे दगड वापरीत. वसईच्या खाडीच्या दक्षिणेस कांदिवली येथील अश्मयुगीन हत्यारांची माहिती के. आर. यू. टॉड यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केली. प्रवरेकाठी नेवासे येथे ह. धी. सांकलिया यांना हातकुऱ्हाडींच्या थरावरील थरात तासण्या विपुल आढळल्या. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुराव्यामुळे हातकुऱ्हाडी व सूक्ष्मास्त्रे यांच्यामधील मध्य पुराणाश्मयुग हा स्वतंत्र टप्पा ओळखता आला.